लष्करी न्यायालय आणि बचावास असमर्थ आरोपी

(व्याख्यानाचा मजकूर)

न्यायालयासमोर उभा असलेला आरोपी देहाने तेथे हजर असतो. परंतु मनाने तो तेथे आहे काय, हे पाहणे न्यायाच्या दृष्टीने तितकेच अगत्याचे आहे. आपल्यावर कोणता आरोप आहे, साक्षीदार काय सांगत आहे, आपल्या वकिलास काय सांगावयास हवे, याची ज्याला जाणीवच नाही, त्याच्यावर चालविलेला खटला हा खटल्याचा केवळ देखावा ठरतो. आरोपीच्या अनुपस्थितीत त्याला दोषी ठरविणे जसे अन्यायाचे, तसेच मनाने अनुपस्थित असलेल्याला दोषी ठरविणेही अन्यायाचेच होय. हे तत्त्व दिवाणखान्यातील चर्चेपुरते नाही. शिस्त हाच ज्या संस्थेचा प्राण आहे, त्या सेनेच्या न्यायव्यवस्थेतही त्याला कायद्याने स्थान दिलेले आहे.

महाराष्ट्राच्या अनेक गावांतील तरुण सैन्यात आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे लोक 'मिलिटरी' हा शब्द जोडतात, इतकी ही परंपरा जुनी आहे. अशा गावांतील सरपंच, शिक्षक, पोलीस पाटील आणि तहसील कार्यालयातील कर्मचारी यांना सेना अधिनियमाची कलमे पाठ असण्याचे कारण नाही. तथापि आजारी जवानाचे आईवडील सल्ल्यासाठी प्रथम त्यांच्याच दारी येतात. म्हणून या विषयाची ओळख त्यांना असणे इष्ट आहे.

दोन भिन्न प्रश्न

सर्वप्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आरोपीच्या मानसिक स्थितीविषयी दोन स्वतंत्र प्रश्न उद्भवतात. कृत्य घडले त्या क्षणी त्याचे मन कसे होते, हा पहिला प्रश्न. आज, खटला चालू असताना, त्याचे मन कसे आहे, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचा संबंध अपराधाच्या जबाबदारीशी आहे. मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप, अथवा ते गैर किंवा कायद्याविरुद्ध आहे हे जाणण्यास जो असमर्थ होता, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये असलेला हा नियम आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. इंग्लंडमधील १८४३ च्या मॅक्नॉटन प्रकरणात त्याचे मूळ सापडते.

दुसऱ्या प्रश्नाचा संबंध खटल्याच्या योग्यतेशी आहे. येथे १८३६ च्या प्रिचर्ड प्रकरणाकडे पाहावे लागते. त्यातील आरोपी मूकबधिर होता. आरोपाला उत्तर देता येते काय, कामकाजाचा ओघ समजून योग्य बचाव करता येतो काय, पुराव्याचा तपशील आकळतो काय, अशा कसोट्या त्या प्रकरणात सांगितल्या गेल्या. या कसोट्यांत रोगाच्या नावाला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते बचाव करण्याच्या क्षमतेला. एखाद्या माणसाला मानसिक आजार असूनही तो खटल्यास योग्य असू शकतो. उलट, कृत्याच्या वेळी पूर्ण शुद्धीवर असलेला मनुष्य पुढे आजारी पडून खटल्यास अयोग्य ठरू शकतो.

इतिहासाने घेतलेली किंमत

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याची साक्ष पहिल्या महायुद्धाने दिली आहे. तोफांच्या अखंड माऱ्याखाली राहिलेले हजारो सैनिक थरथरू लागले. कोणाची वाचा गेली, कोणाला झोप येईना, कोणी भान हरपून खंदकातून चालू लागले. या अवस्थेला 'शेल शॉक' असे नाव पडले. पलायन, भित्रेपणा व तत्सम लष्करी अपराधांसाठी ब्रिटिश सेनेने त्या युद्धात जे सैनिक गोळ्या घालून मारले, त्यांत असे मनाने खचलेले किती होते, हा प्रश्न पुढे कित्येक दशके त्या देशाला छळत राहिला. हॅरी फार या सैनिकाला १९१५ मध्ये शेल शॉकमुळे काही महिने रुग्णालयात ठेवण्यात आले होते. आघाडीवर परत जाण्यास नकार दिला म्हणून त्याच्यावर भित्रेपणाचा आरोप ठेवण्यात आला आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. त्याच्या कुटुंबीयांनी दीर्घकाळ लढा दिला. अखेरीस २००६ च्या आर्म्ड फोर्सेस अॅक्टने अशा ३०६ सैनिकांना मरणोत्तर क्षमा दिली. क्षमा मिळाली ती नव्वद वर्षांनी! लष्करी न्यायात वेळीच विचारावयाचा प्रश्न वेळीच न विचारल्यास पुढे त्याची भरपाई होऊ शकत नाही, हाच याचा अर्थ.

सेना अधिनियमातील तरतूद

आपल्या देशात सेना अधिनियम, १९५० ची कलमे १४५ ते १४९ या विषयाला वाहिलेली आहेत. वायुदलाच्या १९५० च्या अधिनियमातही अशाच तरतुदी आहेत.

सेना न्यायालयांचे, म्हणजेच कोर्टमार्शलचे, चार प्रकार आहेत: जनरल, डिस्ट्रिक्ट, समरी जनरल आणि समरी. जनरल कोर्टमार्शलमध्ये किमान ५ अधिकारी बसतात व कायदेविषयक मार्गदर्शनासाठी जज-अॅडव्होकेट असतोच. डिस्ट्रिक्ट कोर्टमार्शलमध्ये किमान ३ अधिकारी असतात. समरी कोर्टमार्शल मात्र तुकडीचा कमांडिंग अधिकारी स्वतः चालवितो.

कलम १४५ सांगते की, खटला चालू असताना आरोपी मनोविकलतेमुळे आपला बचाव करण्यास असमर्थ आहे असे न्यायालयाला दिसून आले, अथवा त्याने कृत्य केले परंतु त्यावेळी मनोविकलतेमुळे त्याचे स्वरूप जाणण्यास तो असमर्थ होता असे दिसून आले, तर न्यायालयाने तसा निष्कर्ष नोंदविलाच पाहिजे. येथे न्यायालयाला ऐच्छिकता ठेवलेली नाही. वर सांगितलेले दोन्ही प्रश्न या एकाच कलमात शेजारी शेजारी बसविले आहेत, हेही ध्यानात घ्यावे.

निष्कर्ष नोंदविल्यावर अध्यक्ष अधिकाऱ्याने तत्काळ त्याचा अहवाल पुष्टी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असतो. समरी कोर्टमार्शल असेल, तर अहवाल कलम १६२ खालील वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे जातो. पुष्टी देणाऱ्या अधिकाऱ्याला निष्कर्ष मान्य नसेल, तर तो त्याच किंवा दुसऱ्या कोर्टमार्शलपुढे खटला चालविण्याची व्यवस्था करू शकतो. मान्य असेल, तर आरोपीला विहित रीतीने अभिरक्षेत ठेवून प्रकरण केंद्र सरकारच्या आदेशार्थ पाठविले जाते. केंद्र सरकार त्याला मनोरुग्णालयात किंवा अन्य योग्य सुरक्षित स्थळी ठेवण्याचा आदेश देऊ शकते.

पुढे आरोपी बरा झाला तर काय? कलम १४६ त्याचे उत्तर देते. तो लष्करी अभिरक्षेत असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याच्या अहवालावरून, तुरुंगात असल्यास कारागृह महानिरीक्षकाच्या दाखल्यावरून, आणि मनोरुग्णालयात असल्यास तेथील दोन किंवा अधिक अभ्यागतांच्या दाखल्यावरून, तो बचाव करण्यास समर्थ झाला आहे असे ठरले, तर त्याच्यावर पुन्हा खटला चालविता येतो. अपराध नागरी स्वरूपाचा असेल, तर तो फौजदारी न्यायालयातही चालू शकतो. म्हणजे असमर्थतेचा निष्कर्ष ही निर्दोष मुक्तता नव्हे. ती केवळ स्थगिती होय.

कलम १४८ सुटकेविषयी आहे. आरोपीला सोडल्यास तो स्वतःला अथवा इतरांना इजा करणार नाही असा अहवाल वा दाखला मिळाल्यास केंद्र सरकार सुटकेचा आदेश देऊ शकते. परंतु ग्रामीण भागातील कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम आहे ते १४९. आरोपीचा कोणताही नातेवाईक अथवा मित्र त्याला आपल्या ताब्यात देण्याविषयी केंद्र सरकारकडे अर्ज करू शकतो. त्याची नीट काळजी घेतली जाईल, तो स्वतःला वा इतरांना अपाय करणार नाही आणि बोलाविल्यावर त्याला हजर केले जाईल, याविषयी अर्जदाराने सरकारचे समाधान होईल असा जामीन द्यावयाचा असतो. कायद्याने उघडे ठेवलेले हे दार अनेक घरांना माहीतही नसते.

जेथे धोका अधिक आहे

कायद्यातील तरतूद आणि तिचा उपयोग यांत अंतर पडते ते बहुधा समरी कोर्टमार्शलच्या ठिकाणी. येथे न्यायाधीश म्हणून बसतो तो आरोपीचाच कमांडिंग अधिकारी. आरोपीला साहाय्यासाठी एक व्यक्ती, विधिज्ञसुद्धा, जवळ बाळगता येते. परंतु तिला केवळ सल्ला देण्याची व प्रश्न सुचविण्याची मुभा असते. साक्षीदाराची उलटतपासणी घेणे वा न्यायालयासमोर भाषण करणे तिला करता येत नाही. म्हणजे बचावाचा भार शेवटी आरोपीच्याच मनावर पडतो, आणि ते मनच आजारी असेल तर बचाव उरत नाही.

गुन्हा कबूल करण्याच्या बाबतीत हे विशेष जाणवते. खिन्नतेने ग्रासलेला मनुष्य आपणच सर्व दोषांचे धनी आहोत असे मानतो. विचारण्यापूर्वीच मान डोलावतो. सेना नियम, १९५४ मधील नियम ११५ अन्वये कबुली नोंदविण्यापूर्वी आरोपाचे स्वरूप आणि कबुलीचे परिणाम आरोपीला समजले आहेत याची खात्री करून घेणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. आणि त्याने गुन्हा कबूल करू नये असे दिसत असेल, तर कबुली मागे घेण्याचा सल्लाही द्यावयाचा असतो. हा नियम मनापासून पाळला गेला, तर पुष्कळ अन्याय टळेल. तो छापील वाक्य वाचून उरकला गेला, तर त्याचा काहीच उपयोग नाही.

दुसरा प्रश्न गैरहजेरीचा. रजेचा काळ संपूनही जवान परतला नाही, तर सेनेच्या दृष्टीने तो कलम ३९ खालील विनापरवाना गैरहजेरीचा, व परतण्याचा हेतूच नसल्याचे दिसल्यास कलम ३८ खालील पलायनाचा अपराध असतो. गैरहजेरीचे ३० दिवस उलटल्यावर कलम १०६ अन्वये चौकशी मंडळ बसते. पलायनाची माहिती कलम १०५ अन्वये मुलकी अधिकाऱ्यांना दिली जाते आणि मग गावात पोलीस येतात. शिस्तीच्या दृष्टीने हे सर्व आवश्यकच आहे. परंतु जो मनुष्य खोलीचे दार लावून बसला आहे, कोणाशी बोलत नाही, आपल्या पाठीमागे कोणी लागले आहे असे म्हणतो, त्याच्या गैरहजेरीला 'हेतू' म्हणावयाचे काय? हा प्रश्न वेळीच उपस्थित झाला, तर त्याचा मार्ग रुग्णालयाकडे जातो. न झाला, तर तुरुंगाकडे व सेवेतून बडतर्फीकडे.

वैद्यकाचे स्थान

सैन्यात आजार ओळखण्याची व्यवस्था नाही असे नव्हे. जवानाची वैद्यकीय वर्गवारी 'शेप' या पाच अंगांच्या पद्धतीने होते आणि त्यांतील पहिले अंगच मनाचे आहे. कमांडिंग अधिकारी एका ठराविक नमुन्यात जवानाच्या वर्तणुकीचा अहवाल देऊन त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवितो. पुण्याचे कमांड हॉस्पिटल, तेथीलच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईतील 'अश्विनी' हे नौदलाचे रुग्णालय येथे या विषयाचे तज्ज्ञ आहेत.

असे असले तरी वैद्य आणि न्यायालय यांची कामे भिन्न आहेत. रोग कोणता, किती तीव्र आणि औषधाने कितपत आटोक्यात येण्याजोगा, हे वैद्याने सांगावे. त्या रोगामुळे बचावाची क्षमता नष्ट झाली आहे काय, हा निर्णय मात्र न्यायालयाचा. 'औषधोपचार चालू; कर्तव्यास योग्य' असा शेरा पाहून खटल्यासही योग्य असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल; कारण पहाऱ्यावर उभे राहण्याची योग्यता निराळी आणि साक्षीतील विसंगती ओळखून वकिलास सांगण्याची योग्यता निराळी.

ढोंगाचा प्रश्नही डावलता येत नाही. शिक्षा टाळण्यासाठी कोणी वेडाचे सोंग घेईल, ही शंका अधिकाऱ्यांच्या मनात असते आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. परंतु त्यावरचा उपाय प्रश्न नाकारणे हा नव्हे. रुग्णालयात ठेवून काही काळ निरीक्षण करणे, पूर्वीची कागदपत्रे व घरच्यांची माहिती तपासणे, हाच उपाय होय. सोंग दीर्घ निरीक्षणात बहुधा टिकत नाही. आणि आजार निरीक्षणात अधिक स्पष्ट होतो.

मुलकी कायदा पुढे गेला

१९५० च्या अधिनियमाचे शब्द त्या काळचे आहेत. दरम्यान मुलकी कायदा बराच पुढे गेला. १९१२ चा लुनसी अॅक्ट जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम आला आणि त्याच्या जागी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अमलात आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या विषयासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानुसार फौजदारी न्यायालय आरोपीला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविते. तज्ज्ञाच्या मताविरुद्ध वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता येते. पूर्वीच्या अभ्यागतांच्या जागी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ आले आहे.

सर्वांत महत्त्वाचा फरक असा की, आरोपी बचावास असमर्थ असला तरी मुलकी न्यायालय प्रथम कागदपत्रे पाहते आणि वकिलाचे म्हणणे ऐकते. सकृद्दर्शनी आरोपच टिकत नसेल, तर खटला तहकूब न ठेवता आरोपीला मुक्त करते. सेना अधिनियमाच्या कलम १४५ मध्ये अशी स्पष्ट तरतूद नाही. त्यामुळे ज्याच्याविरुद्ध पुरावा कच्चा आहे असा आरोपी, तो पुरावा कधीही न तपासला जाता, केवळ आजारी म्हणून अभिरक्षेत राहण्याचा संभव उरतो.

इंग्लंडने ही उणीव दूर केली आहे. २००६ च्या अधिनियमानुसार तेथे आरोपीची असमर्थता किमान दोन वैद्यांच्या पुराव्यावर जज-अॅडव्होकेट ठरवितो. त्यानंतर कोर्टमार्शल केवळ एवढेच तपासते की, आरोपीने ते कृत्य केले की नाही. केले नसेल, तर तो सुटतो. केले असेल, तर शिक्षा होत नाही. रुग्णालयात ठेवणे, देखरेखीखाली ठेवणे किंवा बिनशर्त सोडणे यांपैकी एक आदेश होतो.

अमेरिकेत कोर्टमार्शलच्या नियमावलीत वैद्यकीय मंडळाकडून तपासणीची पद्धत आहे. कृत्याच्या वेळची स्थिती व आजची क्षमता यांविषयी या मंडळाला वेगवेगळे प्रश्न विचारले जातात. ग्वांतानामो येथील लष्करी आयोगासमोर ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांचा खटला चालू आहे. त्यातील एक आरोपी रम्झी बिन अल्-शिभ हा मनोविकारामुळे बचावात सहकार्य करण्यास असमर्थ आहे, असे लष्करी न्यायाधीशाने सप्टेंबर २०२३ मध्ये ठरवून त्याचे प्रकरण इतर आरोपींपासून वेगळे केले. सुमारे तीन हजार लोकांचा बळी घेणाऱ्या हल्ल्याच्या खटल्यातही हा नियम बाजूला सारला गेला नाही. आरोप जितका भयंकर, तितका नियमाचा कस अधिक लागतो, हे यावरून दिसते.

स्थगिती की विस्मरण?

असमर्थतेचा निष्कर्ष आरोपीच्या हितासाठी असतो. पण त्यातच एक भय दडलेले आहे. खटला थांबतो, माणूस भिंतीआड जातो, आणि फाईल कपाटात राहते. आसाममधील माचांग लालुंग याचे प्रकरण मुलकी होते, तरी ते सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९५१ मध्ये अटक झालेला हा मनुष्य खटला न चालताच मनोरुग्णालय आणि तुरुंग यांत अडकून राहिला आणि २००५ मध्ये, ५४ वर्षांनी, सुटला. दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, त्याचा मृत्यू झाला. त्याला कोणी द्वेषाने डांबले नव्हते. तो केवळ विसरला गेला होता. मानसिक आजार असलेल्या, पण गुन्ह्याशी संबंध नसलेल्या व्यक्तींना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने शीला बारसे प्रकरणात १९९३ मध्येच सांगितले होते. कायदा कितीही चांगला असला, तरी ठराविक मुदतीने विचारपूस करणारा कोणीतरी असावा लागतो.

कलम १४५ ते १४९ मध्ये अशा फेरतपासणीची मुदत घातलेली नाही. म्हणून ती जबाबदारी व्यवहारात संबंधित अधिकारी, वैद्य आणि कुटुंब यांच्यावर येऊन पडते. कोर्टमार्शलचा निष्कर्ष अथवा शिक्षा यांविरुद्ध २००७ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.

गावपातळीवर काय करता येईल

या सर्व विवेचनातून ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासाठी काही साधी कर्तव्ये निष्पन्न होतात.

रजेवर आलेल्या जवानाच्या वागण्यात ठळक बदल दिसला, तर त्याला नजीकच्या लष्करी रुग्णालयात, ते दूर असल्यास जिल्हा शासकीय रुग्णालयात नेण्यास घरच्यांना सांगावे. भगत-देवऋषीकडे आठवडे घालविल्याने रोग तर वाढतोच. शिवाय रजेची मुदत संपून अपराधही जमा होतो. रुग्णालयाचे कागद जपून ठेवावेत. रजा संपण्यापूर्वी तुकडीला आजाराची लेखी सूचना पाठवावी आणि तिची पोच घ्यावी. अर्ज लिहिण्याचे हे काम गावातील शिक्षक सहज करू शकतो. आणि असा एक कागद पुढे साक्षीदारांहून अधिक बोलका ठरतो.

पोलीस जवानाला घेण्यास आले, तर त्याला लपवू नये. तो आजारी असल्याचे कागदांसह त्यांच्या नजरेस आणावे व नोंद करावयास लावावी. खटला सुरू झाला असल्यास पूर्वीचा आजार, घराण्यातील आजार व उपचार यांची माहिती बचाव अधिकाऱ्याकडे पोहोचवावी. आरोपी अभिरक्षेत असल्यास कलम १४९ खालील अर्जाचा विचार व्हावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यात मार्गदर्शन करू शकते. मनोरुग्णालयात अभिरक्षेत असलेल्या व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

आणखी एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नाही. जवान मनाने आजारी पडला की 'भित्रा निघाला' असा शिक्का गाव मारते, आणि त्या भयाने कुटुंब आजार लपविते. गोळी लागलेल्या पायाची कोणी लाज बाळगत नाही. मग थकलेल्या मनाची का बाळगावी? शाळेत, ग्रामसभेत, माजी सैनिकांच्या मेळाव्यात हे उघडपणे बोलले गेले, तर आजार लवकर बाहेर येईल आणि पुष्कळ प्रकरणे न्यायालयापर्यंत जाणारच नाहीत.

शिस्त आणि करुणा यांत विरोध आहे असे मानण्याचे कारण नाही. शिक्षेचा उपयोग तिचा अर्थ कळणाऱ्यालाच होतो. ज्याला तो कळत नाही, त्याला दिलेली शिक्षा पाहून इतर जवान शिस्त शिकत नाहीत, केवळ भय शिकतात. आपल्या मनाचे संतुलन ढळले तर सेना आपला न्याय आंधळेपणाने करणार नाही, असा विश्वास प्रत्येक जवानाला असणे, हे सेनेच्या मनोबलाचेच एक अंग आहे. तो विश्वास जपण्याचे काम जसे न्यायासनावर बसलेल्या अधिकाऱ्याचे, तसेच जवानाच्या घराशेजारी राहणाऱ्या प्रत्येक जाणत्या नागरिकाचेही आहे.